सहाच्या जागी

कोव्हेंट्रीत, चॅपलफील्ड्सच्या एका लिलावघरात
मागच्या खोलीत बसून मी तबकड्या वाचते.
पगार बेताचा. खिडकीत फेब्रुवारी,
म्हणजे उजेडही बेताचाच.

काळ्याची तपकिरी झालेली मला कळते:
उन्हात भाजलेली निराळी,
चहात बुडवून म्हातारी केलेली निराळी.
कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली लाख,
तागाच्या विणीची, कडेला बारा पैलू पाडलेली,
आणि नव्याने रंगवलेली, जिच्या कडेला
रंगाऱ्याने खुणेची खाच पाडलेली असते,
नाक टोचल्यासारखी.
ती दिसली की किंमत अर्धी.

बुधवारी स्टॅनियरने पुढ्यात ठेवलं
अठरा कॅरटचं, झाकणाचं, पांढऱ्या मीन्याचं.
"अंक विचित्र आहेत. फारसी लिहू?"
मी भिंग लावलं, आणि
एक, दोन, तीन,
माझ्या पाटीवरचे.
पाचाचं पोट आपलं.
नऊ आपल्या वळणाचा, बनारसकडचा नाही.
"फारसी नाही," मी म्हटलं,
आणि आवाज उगीच चढला.

मग सहाशी अडले.
तो सहा नव्हताच.
तीन होता, शीर्षासनातला,
शेपटी वर.
छत्तीसचा आकडा म्हणतो आपण,
पाठीला पाठ लावून बसलेले दोघे;
इथे भांडायला दुसरा कोणी आलाच नाही.

कोणी रंगवली असेल?
इथलीच कोणी, दोन गल्ल्या पलीकडची.
समोर नमुन्याचा कागद, हातात चार केसांची कुंचली,
श्वास धरलेला.
तबकडी फिरवत फिरवत उतरवत गेली.
ती वाचत नव्हती, चित्रं काढत होती,
आणि कागदाची वरची बाजू कुठली
हे तिला सांगणारा बोटीने आठवडे दूर.
मग भट्टी.
भट्टीतून निघालेलं खोडता येत नाही.

माझी केतकी सहा असाच काढते.
परवा मामाच्या कार्डावर
स्वतःचं वय तिने डोक्यावर उभं केलं
आणि मी रबर घेऊन धावले.

"चूक आहे," स्टॅनियर म्हणाला, "म्हणजे नकली?"
"नकली असतं तर बरोबर असतं.
नकली करणारा आधी कोणाला तरी विचारतो."
त्याने मान हलवली, फारसी खोडलं,
आणि अंदाजी किमतीपुढे एक शून्य वाढवलं.
ते शून्य मात्र सगळीकडे सारखंच.

मागवणाऱ्याने परत पाठवलं,
की तो न्यायलाच आला नाही?
कागद गप्प. झाकणाची बिजागरी
अजून नवी असल्यासारखी कडक.

जाण्याआधी किल्ली दिली. चाललं.
साडेपाचला मिनिटकाटा त्या उलट्या तीनवर आला,
त्याला झाकून उभा राहिला, सरकला.
अर्ध्या तासाने तासकाटाही तिथेच येणार,
आणि तिथे काहीही लिहिलेलं असो,
सहाच वाजणार.

भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं.
चार मिनिटं मागे.
तेही लिहून ठेवलं.