तीन क्रेडिट्स

"याचा उपयोग काय?" केस्किनेनने विचारलं.
त्याचे बूट माझ्या गालिच्यावर बर्फ निथळत होते.
सिव्हिल इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष,
वडील डुलूथच्या धक्क्यावर लोहखनिज भरणारे,
आणि यादीत एक चौकोन अजून रिकामा:
ललित कला, तीन क्रेडिट्स.

माझ्याकडे पाठ केलेलं उत्तर होतं.
सर्वांगीण विकास, कंपन्यांना हवी ती कौशल्यं,
एक रंगीत पत्रकही होतं, आलेखासकट.
त्याने तीनाला फीने गुणलं,
पत्रकाच्याच पाठीवर,
आणि आकडा माझ्याकडे फिरवून ठेवला.
तेवढ्यात त्याच्या ट्रकचा गिअरबॉक्स आला असता.

मी गप्प.
जागा उरली होती एकाच वर्गात:
संगीत ऐकावं कसं. सकाळी आठला.
"घे," म्हटलं, "निदान पार्किंग तरी मिळेल."

पाच वर्षांनी परवा भेटला, कालव्याच्या कठड्याशी,
कपाळावर हेल्मेटचा वळ.
मुलाखतीत कुणी विचारलंसुद्धा नाही, म्हणाला,
पगारात एक सेंटही नाही त्याचा.

इतक्यात जहाजाने भोंगा दिला.
एक लांब, दोन आखूड.
उचलत्या पुलाने तसंच उत्तर दिलं, जरा वरून.
तो बोलता बोलता थांबला, बोट वर केलं.
"मायनर थर्ड," म्हणाला.
"वडील तीस वर्षं हे ऐकतायत.
त्यांना सांगितलं, तर म्हणाले, बरं, मग?"

कोमल गंधार, मी मनात म्हटलं.
जहाज केव्हाच आत शिरलं होतं,
तरी आम्ही दोघं
थंडीत तसेच उभे राहिलो,
कान देऊन.