खिडकी कुठल्या लाकडाची

खानापुरात, स्टेशन रोडच्या सॉ मिलमध्ये
भुशाच्या वासात बसून
तीन दिवस मी ठरवतेय
खिडकी कशात बांधायची.

लाकडाची नव्हे, पडद्यावरची.
ओंडक्याचा घेर टाकायचा, लांबी टाकायची,
घनफूट निघाले की बिल छापायचं. एवढंच.
पण काट्याजवळ विंडोज सात, दोन जीबी, वर भुशाचा थर;
धाकट्या महांतेशनं लॅपटॉपवर उबुंटू घातलेलं;
टिळकवाडीच्या ऑडिटरबाईंकडे मॅक, पाहुण्यासारखा कव्हरात.
"तिन्हीकडं चाललं पाहिजे," मालक म्हणाले,
"तीनदा पैसे देणार नाही हां मी."

इलेक्ट्रॉन लावून बघितलं. दिसायला झकास,
पण दोन आकडे गुणायला अख्खा ब्राउझर उचलून आणलेला.
काट्याजवळचा पंखा करवतीवर आवाज चढवायला लागला.
टीके हलकं. महांतेशकडं मात्र
'शिल्लक' फुटली: ल् वेगळा, ल वेगळा.
क्यूटी म्हणजे सागवान.
नवी आवृत्ती सातला उंबऱ्यातच अडवते,
जुनीच्या परवान्याचे कागद वाचता वाचता चहा गार.

मग गिरिजव्वा आली, हिशेब लिहिणारी.
तिच्यासाठी बटणं कानडीत हवीत.
'पुसा' दोन अक्षरी.
तिचं 'तेगेदुहाकि' पाच.
माझ्या मापाच्या बटणात 'तेगेदु'च मावलं.
"माझा शब्द कुणी कापला ओ?" ती म्हणाली,
"मिल आहे म्हणून काय झालं?"

दारात इनास मिस्त्री चौकट ठोकत होता.
न बघता बोलला,
"फट सोडायची असते, बाय.
लाकूड आपल्या मनानं फुगतं."

रात्री डब्ल्यूएक्स घेतलं.
ते स्वतःची बटणं आणत नाही,
ज्या घरात जाईल तिथलीच मागून घेतं,
जसा महांतेश बसमध्ये कानडी, काट्यावर मराठी,
आणि इनासशी कोकणीत भांडतो.
आकडे टाकून रुंदी नाही ठरवली कशाचीच.
शब्द येईल तेवढी जागा त्याची.

सकाळी पहिला ओंडका, ऐनाचा.
घेर चार फूट, लांबी नऊ.
गिरिजव्वानं चष्मा पुसून बटण दाबलं:
नऊ घनफूट.
महांतेशकडंही नऊ.

मॅकवर तारखेचा रकाना अजून
बोटभर खाली सरकतोय.
बाईंचा फोन येईलच.