गाढवाचे कान

निषादला शाळेच्या नाटकात गाढवाचं काम मिळालंय.
चिठ्ठीत लिहिलंय: करडे कान, करडी शेपूट,
गुरुवारपर्यंत. शिवाय मिन्स पायचं एक खोकं, शेंगदाणे नसलेलं.

जालन्याहून आप्पा फोनवर गरजले,
"गाढव? तीन राजे होते ना त्या गोष्टीत?
एकही रिकामा नव्हता?"
म्हटलं, आप्पा, राजे दोन ओळी बोलून बाजूला होतात.
गाढव पहिल्यापासून शेवटपर्यंत स्टेजवर असतं.
ते जरा वेळ गप्प. मग, "म्हणजे काम मोठं आहे."
आणि हळूच,
"त्याच्या बापाला मी रोज गाढव म्हणायचो,
तेव्हा कुणी टाळ्या नाही वाजवल्या."

शहराचं नाव हल.
सात वर्षं झाली, आम्ही हललो नाही.
हम्बरवरून वारा सरळ येतो,
अडवायला वाटेत एक टेकडी नाही,
आणि साडेतीनलाच दिवस संपतो
वीस तारखेला पगार संपावा तसा.

रात्रीचे अकरा. वॉशिंग मशीन फिरतंय.
प्रसन्न माळ्यावर, अर्धा आत अर्धा बाहेर,
झाडाचा तिसरा पाय शोधतोय.
चॅरिटीच्या दुकानातलं, चार पौंडांचं झाड,
त्याला पहिल्यापासून दोनच पाय.
तरी दर डिसेंबरात तो शोधतो.
शेवटी टेकू लागतो तांदळाच्या पिशवीचाच,
दहा किलोच्या.

मी त्याची जुनी करडी पँट कापतेय,
मुलाखतीची. इस्त्रीची धार अजून मोडली नाही.
हीच घालून तो पॅरागॉन स्टेशनात उतरला होता
बावीस डिसेंबरला. दोन बॅगा, एक कुकर,
आणि मी, आठवा महिना,
त्याचा कोट माझ्या अंगावर, तरी बटण लागेना.
एजन्सीच्या दारावर कागद: दोन जानेवारीला भेटू.
किल्ली आत, आम्ही बाहेर.
तीन ठिकाणी नाही म्हणाले, तेही फार अदबीनं.
चौथ्या ठिकाणी मॉरीन नावाची बाई म्हणाली,
खोली नाही, पण बॉयलरशेजारी कपडे वाळवायची जागा आहे,
पाय पसरतील एवढी.
पैशांचं विचारलं तर कुकरकडे बोट दाखवून,
"त्यात काहीतरी गरम करा, मलाही द्या."
खिचडीची पहिली शिट्टी झाली
आणि ती आग लागली समजून रस्त्यावर पळाली.

हे मी फारसं कुणाला सांगत नाही.
सांगितलं की उगीच मोठं होतं.
तेव्हा फक्त पाय सुजले होते,
आणि प्रसन्ननं दोन्ही बॅगा पाठीवर घेतल्या होत्या,
मान खाली, नाकातून वाफा,
सगळा रस्ता एक शब्द न बोलता.

कान झाले. आत सीरियलच्या खोक्याचा पुठ्ठा.
डावा जरा वाकडा बसला.
राहू दे. आता उसवत नाही.

गुरुवार, दुपारी दीड. हॉलभर ओल्या कोटांचा वास.
मेरी झालीय झोफिया. जोसेफ आहे आराम,
कुर्दी मुलगा, नावाप्रमाणे नाही,
सारखा दाढी खाजवतोय.
निषाद गुडघ्यांवर रांगत इतका हळू चालतो
की पियानोवाल्या बाईंना
तेच कडवं तिसऱ्यांदा वाजवावं लागतं.
मागून कुणाचा तरी बाबा हसतो.
प्रसन्न हसत नाही. तो फोन उंच धरून उभा,
आणि फोन हलतोय.

घरी येताना विचारलं, का रे एवढा हळू?
"तिच्या पोटात बाळ होतं ना!"
वैतागून म्हणाला,
जणू गाढव मीच.

झोपला कानांसकट,
तांदळाच्या पिशवीला टेकून.
आप्पांना व्हिडिओ पाठवला होता.
उत्तर आलं आमच्या रात्री दीडला,
त्यांच्या सकाळच्या चहाला:
"कान उत्तम. शेपूट आखूड झाली.
पुढच्या वर्षी माप आधी घ्या."