शंभर, सहाशे, सातशे

दवाखान्यात जोडण्या तीन, लॅपटॉप एक,
तोही एलियेसरने दिलेला, 'ई'चं बटण उडालेला.
वायर: ई.सी.जी.च्या मशीनला.
वायफाय: छपरावरच्या ताटलीचं, उपग्रहाकडून.
डोंगल: खाडीपल्याडचा टॉवर कधी दिसला तर.
एक ना धड, असं मी म्हणायचे,
आणि चुलीत सायप्रसचं लाकूड सारायचे.

लिनक्स टाकताना तो म्हणाला होता,
"मावशी, याला सगळं सांगावं लागतं.
पण सांगितलं की ऐकतो."
मग गेला पुंता अरेनासला, जहाजांच्या कामावर.
मागे एक वही ठेवून.

जूनमध्ये, ऐन थंडीत, रात्री दीडला
बेलार्मिनोला होडीतून आणला त्याच्या पोराने.
ओल्या लोकरीचा वास. बाहीवर मासळीचे खवले.
"काही नाही, वारा धरलाय," म्हातारा म्हणाला,
आणि ओठ राखेसारखे.

मी पट्ट्या चिकटवल्या. मशीन रेघ काढू लागलं.
रेघ लॅपटॉपवर आली
आणि तिथेच बसली.
कोयाइकेच्या डॉक्टरकडे जाईना.
वायफायच्या कमानी सगळ्या भरलेल्या,
तरी मी शिडी लावून ताटलीवरचा बर्फ झाडून आले.
तरी नाहीच.

रागाने वायर उपटली.
तोच पडद्यावर डॉक्टर ओयार्सो, झोपेतले केस.
"ही रेघ थांबलेली आहे, एर्सिरा.
मला चालती हवी."
वायर लावली: रेघ चालू, डॉक्टर गोठलेला.
वायर काढली: डॉक्टर चालू, रेघ गप्प.
म्हाताऱ्याचं पोर माझ्या हाताकडे बघत होतं.

टर्मिनल उघडला. वाटांची यादी मागितली.
तीन ओळी, आणि तिन्ही म्हणत होत्या
बाहेर जायचंय? माझ्याकडून जा.
वायरपुढे शंभर. वायफायपुढे सहाशे. डोंगलपुढे सातशे.
ज्याचा आकडा लहान त्याचा मान मोठा,
वहीत लिहिलं होतं, माते सांडलेल्या पानावर.

म्हणजे माझी सगळी पत्रं
दोन हातांवरच्या त्या ट्रॉलीकडे चालली होती.
ट्रॉलीच्या मागे भिंत.
भिंतीच्या मागे चिखल, मग समुद्र.
मशीन खोटं बोलत नव्हतं.
त्याला कोणी विचारलंच नव्हतं
की तुझ्यापुढे काही आहे का.
ते जवळ होतं, तारेने बांधलेलं होतं, बस.

मला ते ओळखीचं वाटलं.
दाढ दुखली, एर्सिरा. गाय अडली, एर्सिरा.
नवऱ्याचं पत्र वाचून दाखव. पंप बंद पडला.
मी हो म्हणते, आणि रात्री
तो पंप माझ्या पोटात बंद पडून राहतो.

वहीत खाली उपाय होता.
या जोडणीला सांगायचं: नेव्हर-डिफॉल्ट, येस.
तेवढ्यातच चार 'ई'.
उडालेल्या बटणाच्या जागी रबराचा ठिपका,
तो पेन्सिलीच्या टोकाने दाबला, चार वेळा,
बोटं थरथरत असताना.
जोडणी खाली घेतली, परत वर आणली.

यादीत वायर होतीच.
फक्त आता तिच्याकडे तिची गल्ली तेवढी.
ट्रॉलीपासून टेबलापर्यंत.

"दिसतंय," ओयार्सो म्हणाला. "चालतंय."
मग बराच वेळ काही म्हणाला नाही.
मग गोळ्यांची नावं, आणि उजाडताच नौदलाची लाँच.

चारच्या सुमारास म्हाताऱ्याने विचारलं,
"माझं काळीज कुठून गेलं गं तिकडे?"
मी छपराकडे बोट दाखवलं.
"आणि हा?" डोंगलचा दिवा लुकलुकत होता.
"तो सातशे," मी म्हटलं. "त्याला अजून बोलावणं आलेलं नाही."
तो हसला, पट्ट्या ताणल्या, पडद्यावर रेघ वेडी झाली.

लाँच गेली. मी पट्ट्या धुवत होते.
ओतिलियो दारात: जनरेटर खोकतोय, जरा येतेस?
"मला त्यातलं कळत नाही," मी म्हटलं.
बावीस वर्षांत पहिल्यांदा.
तो टोपी हातात घेऊन जरा उभा राहिला,
मग धक्क्याच्या दिशेने गेला.