उसनवार

रेवणसिद्ध म्हणाला होता, "मॅडम, भाषा कडक हाय, पण खोटं बोलत न्हाई."
तो सोलापूरचा, वय सव्वीस, त्याला सगळंच सोपं.
मी एकोणपन्नास. कोबोलवर वाढलेली,
टिळक रोडवरच्या सहकारी बँकेचं व्याज
मोठ्या अक्षरांत मोजत आलेली.

पहिल्या रात्री तिने मला नमस्कारसुद्धा करू दिला नाही.
वारज्याचा फ्लॅट, बायपासवर ट्रकांची घरघर,
जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी अर्धी निवडलेली मेथी,
आणि मी लिहिलं: जगाला नमस्कार.
ती म्हणाली, उद्गारचिन्ह विसरलात.
एवढा कसला आनंद व्हायचाय मला?
पण टाकलं.
नमस्कार पोचला. जगाने उत्तर दिलं नाही, नेहमीसारखंच.

मधली पंधरा वर्षं जावा.
जाऊ नव्हे, भाषा. पण स्वभाव तोच:
समोर हसून सगळं चालवून घ्यायचं
आणि रात्री दोन वाजता, गिऱ्हाइकाच्या देखत,
एकेक बाहेर काढायचं.
ही तशी नाही. ही दारातच अडवते.
चाळीस ओळी, एकोणीस चुका.
नेमक्या शब्दाखाली बारक्या टोप्यांची रांग,
आणि त्याखाली सल्ला:
इथे उसनं घेऊन बघा.

उसनं!
इतक्या वर्षांत कुठल्या यंत्राने
हा शब्द मला ऐकवला नव्हता.

हिचा कायदा असा: वस्तूला मालक एकच.
दिलीत तर दिलीत, मागे वळून तिचं नाव घ्यायचं नाही.
उसनी दिलीत, तर बघायला कितीही येऊ देत,
हात लावणारा मात्र एकटाच,
आणि तो लावत असताना बाकीच्यांनी बघायचंही नाही.
एकाच आमटीत दोघींनी मीठ घालू नये
हे मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं.
हिला जन्मतःच ठाऊक.

मला आमची शिडी आठवली.
ॲल्युमिनियमची, दिवाळीआधी गुंजाळांनी वर नेलेली.
आता संक्रांतही गेली.
दिली होती की उसनी?
"न्या की," एवढंच म्हणाले होते मी.
"न्या की"ची फोड हिच्या व्याकरणात होत नाही.

चौथ्या रात्री ती जरा गंभीर झाली.
"उसनी घेतलेली वस्तू पुरेशी जगत नाही."
ओळ एकतीस. टोप्यांची रांग.
अर्थ साधा: ज्याच्याकडून घेतलंस तो आधी संपतोय
आणि तू अजून त्याच्याकडे बोट दाखवते आहेस.

फिलोमिना साळवे.
बँकेत माझ्या डाव्या हाताला बसायची,
कोबोल तिनेच शिकवलं, स्तंभ मोजून, पट्टी लावून.
तिचा कॅल्क्युलेटर माझ्या खणात आहे.
"सोमवारी देते," म्हणाले होते.
तो सोमवार दोन हजार अकरा सालचा.
त्या सोमवारी बँक बंद ठेवली होती, दुपारपर्यंत.

यावर तोड काय, तर भाषा म्हणते,
मालक व्हा. नाहीतर नक्कल करून घ्या.
तिसरं काही ती सुचवत नाही.
मी ओळ एकतीस दुरुस्त केली.
कॅल्क्युलेटर खणातून काढून दिव्याखाली ठेवला.
थोड्या वेळाने शून्य उगवलं.
उजेडावर चालतो तो. अजून.

रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावर गेले.
गुंजाळ दारातच ओशाळले, "शिडी ना?"
"राहू द्या," म्हटलं, "बदलायचं काही नाही, फक्त बघून जाते."
ते माझ्याकडे बघत राहिले.

गॅलरीत उघडून ठेवलेली, पायरीला एक कुंडी:
गवती चहा, ओवा, एक अर्धवट गुलाब,
आणि सगळ्यात वर रिकाम्या डब्यात काहीतरी नुकतं पेरलेलं.

मी विचारून ओव्याचं एक पान तोडलं.