ताजा कलम

प्रिय यज्ञेश्वर,
वाईहून निघालेलं तुझं कार्ड बुधवारी मिळालं.
सौदे चालू होते, हळदीच्या पोत्यावर टेकूनच वाचलं,
म्हणून ह्या उत्तराला कडेनं पिवळं लागलंय. चालवून घे.

तू लिहितोस, आर्येची आर्याच झाली पाहिजे,
आधी मात्रा मोज, मग रड.
मोजल्या. तीस आणि सत्तावीस.
प्राकृतातली ती बाई एवढ्यातच
दिवा उंबऱ्यावर ठेवते
आणि निघालेल्या नवऱ्याला म्हणते,
वाटेत चिखल आहे, उद्या जा.
मी "उद्या जा" लिहिलं, तू खोडून "राहा" केलंस.
राहा म्हणायची तिची छाती नाही रे.
म्हणून तर चिखल आहे.

आता तो इटालियन.
जुझेप्पे आठवतो ना,
माधवनगरच्या गिरणीत यंत्रं बसवायला आलेला?
आठ महिने राहिला, मिसळ खाऊन रडला,
जाताना माझ्याकडे एक पाना विसरला
आणि एक वही, त्याच्या गावच्या शाळामास्तरच्या कवितांची.
पाना परत पाठवला. वही ठेव म्हणाला.
ती भाषा मी त्या वहीवरून शिकलो
आणि यंत्राच्या माहितीपुस्तकावरून,
त्यामुळे मला अजून
विरहापेक्षा वंगण चांगलं कळतं.

तिकडं बहुतेक शब्द स्वरावर संपतात,
दार लावायची रीतच नाही.
आपल्याकडं घर, हात, दोर, गाव:
लिहिताना उघडे, बोलताना कडी.
मास्तरनं चौदा ओळी सताड उघड्या टाकल्यात
आणि मी अडत्याच्या पट्टीमागं
कड्या घालत बसलोय.

मिरजेला रज्जाकभाईंकडं गेलो होतो.
तंबोऱ्याची जवारी लावत होते.
माझी अडचण ऐकून घेतली, मान वर न करता.
मग घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवला,
केसभर, परत केसभर मागं,
आणि एकदम ती तार
आपल्याहून मोठं काहीतरी बोलायला लागली.
"दोरा वाजत नाही," म्हणाले,
"पण काढून बघा."
चहा पाजला. बाकी काही बोलले नाहीत.

अडलेली ओळ तुला ठाऊकच आहे.
लढाईत तोफांसाठी देवळाची घंटा मागितली जाते,
गाव स्वतःच मनोऱ्यावरून ती खाली उतरवतं,
म्हातारे, बायका, सगळ्यांच्या हातात एकच दोर,
आणि मास्तर लिहितो: पिआन पिआनो.
मी "मंद मंद" केलं. वाऱ्याची झुळूक झाली.
तू "शनैः शनैः" सुचवलंस. यज्ञेश्वरा,
त्या घंटेला तू मुंज लावलीस.

शेवटी जुझेप्पेलाच विचारलं.
उत्तर त्याच्या मुलीचं आलं, दोन महिन्यांनी.
बाबांना आता माणसं ओळखू येत नाहीत, लिहिते.
तुमची ओळ वाचून दाखवली,
तर त्यांनी दोन्ही हात पुढं केले, तळवे खाली,
जसं काही जड उतरवताहेत,
आणि एक शब्द म्हणाले, पुन्हा पुन्हा.
आमच्या भाषेतला नाही. तुमच्यातला असेल का?
ऐकू आला तसा तिनं लिहून पाठवलाय:
आलू रा, आलू.

मी सौद्यातच खाली बसलो.
गिरणीच्या दारात बाराशे किलोचं यंत्र,
खाली लाकडी ओंडके, कवठेपिरानची आठ पोरं,
आणि सगळ्यांच्या तोंडी:
हळू रं, हळू.

ओळ झाली. मात्रा मोजू नकोस.
म्हणून बघ फक्त,
शेवटाला तोंड उघडंच राहतं.

तुझा,
भालू

ता. क. बाईचं "उद्या जा" तसंच ठेवतोय.
भांडायचं तर ये.
वाट कोरडी आहे.