साचे

रविवारी कुणी चर्चला जातं, कुणी गळ टाकायला.
आम्ही टाकून दिलेल्या इमारतींत शिरतो.
बाद्रीकडे विजेरी आणि त्याची मिनीबस,
माझ्याकडे मक्याची भाकरी, चीजचा मोठा तुकडा,
आणि दोघांत मिळून एकच नियम:
आतलं बाहेर आणायचं नाही.

अकरा वर्षांत
एक रेशमाची गिरणी पाहिली, एक सर्कस,
एक बालवाडी, जिच्या खुंट्या माझ्या कमरेइतक्या उंचीवर.
दरवेळी जागा मी शोधते.
या वेळी तो म्हणाला, "चिआतुराला जाऊ.
खाणकामगारांचा दवाखाना आहे म्हणे."
म्हणे.

नदी काळी. वर तारा,
तारेवर मध्येच थांबलेला पाळणा,
गंजून दाराचा रंग गेलेला.
खिडकीतून आधी मी उतरले.
बाद्री बाहेर गज धरून बराच वेळ उभा,
मला वाटलं, गुडघा दुखत असेल.

खाली फुगलेली रजिस्टरं, उंदरांनी चाळलेली.
वर एक खुर्ची, मागे कललेली,
छताचं पाणी थेंब थेंब झेलत.
आणि तिच्यामागची खोली.

मी कुताइसीत, एका तळघरात, दात बनवते.
माणसं माझ्यापर्यंत येत नाहीत, साचे येतात.
इथे भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर
अख्खं गाव प्लास्टरचं,
वरचा जबडा, खालचा जबडा, पेन्सिलीने नाव.

मी वाचत गेले.
हा झोपेत दात खायचा.
ही शिंपीण, समोरच्या दाताला दोऱ्याची खाच.
हा डावीकडूनच चावायचा, कुणाला सांगायचा नाही.
खाणीतल्यांचे सगळे सपाट:
धूळ लागलेली भाकरी वीस वर्षं खाल्ली
की तोंडाचंच जातं होतं.
एकीचे इतके सुंदर होते
की मी उगाचच आरशात बघावं तशी जीभ फिरवली.

"बाद्री, ये ना, बघ!"
तो दारातच. विजेरी बंद.

तिसऱ्या फळीवर, कोपऱ्यात, एक लहान जोडी.
वय बारा.
पुढच्या दोन दातांत फट, डावा सुळा वर चढलेला.
तार बसवायची तारीख लिहिलेली,
तिच्यापुढे खूण नाही.
नावही दुसरंच.

बाद्री सांगतो, तो तेलावीचा.
हसताना तोंडावर हात धरतो.
मला वाटायचं, तो संस्कार आहे.
पण अकरा वर्षं, दर रविवारी,
तो चीजचा एक घास घेतो
आणि उरलेला तुकडा माझ्याकडे देतो.
ती फट मी खाल्लेली आहे.
तो सुळाही.

साचा मी त्याच्या धुळीतल्या गोलात
अगदी होता तसा ठेवला.
म्हणाले, "चल, विशेष काही नाही."
तो म्हणाला, "तू हो पुढे."

मी पुढे झाले.
खुर्चीपाशी थेंब मोजत राहिले,
साठाच्या पुढे चुकले.
आत काही वाजलं नाही.

मग मिनीबस. तिन्हीसांज.
एका वळणावर त्याने वेग कमी केला,
तिथे नुसता जिना होता, घर नव्हतं,
मग गियर बदलला.
त्याच्या जाकिटाचा उजवा खिसा
मुठीएवढा फुगलेला, कडेला पांढुरका.
मी नियम काढला नाही.
भाकरी मोडली, चीज त्याच्याकडे केलं.
तो म्हणाला, "आज तूच आधी खा."

मी खाल्लं.
पुढे रस्ता खराब आहे, ते सगळ्यांनाच ठाऊक.
पहिला खड्डा आला तेव्हा
त्याने एक हात स्टिअरिंगवरून काढला
आणि खिशावर ठेवला.